चाळ रिकामी होण्याआधी: मुलाखती आणि ट्रंकांतले कागद कसे जपावेत?

गॅलरी_तिसरामाळा

लोअर परळमधली आमची चाळ दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. सगळे संक्रमण शिबिरात जाणार, म्हणजे पांगणार. त्याआधी चाळीचा इतिहास नोंदवून ठेवायचं आम्ही पाच-सहा जणांनी मनावर घेतलंय. पंच्याहत्तरीच्या पुढचे पंधरा-वीस रहिवासी आहेत. बरेचसे गिरणीत होते, काहीजणी खानावळ चालवायच्या. घरोघरच्या ट्रंकांत भाडेपावत्या, गिरणीचे पास, बोनसच्या चिठ्ठ्या, मनीऑर्डरच्या पावत्या, गावच्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या, गणेशोत्सवाचे जमाखर्च आणि फोटो आहेत. एका घरात मोडीतले कागदही निघाले. हाताशी दोन बरे फोन आणि एक फ्लॅटबेड स्कॅनर आहे. आधी मुलाखती घ्याव्यात की आधी कागद? फोनवरचं रेकॉर्डिंग चालेल का? आणि समितीत दोघांचं म्हणणं आहे की महत्त्वाचे कागद लॅमिनेट करून टाकू. तसं करावं का?

पाळी_दुसरी

आधी माणसं. पण रिकाम्या हाताने त्यांच्यापुढे बसू नका. त्यांच्याच ट्रंकेतले आठ-दहा कागद आणि फोटो समोर ठेवा. "तेव्हाचं आयुष्य कसं होतं?" या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच येतं: कष्टाचं होतं, पण माणुसकी होती. तेच हातात पास देऊन विचारा, हा तिकीट नंबर कुठल्या खात्याचा? त्रासनात (सूतकताई खात्यात) होतात की साच्यावर (मागावर)? बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) किती वर्षं काढली, कायम कोणी केलं? मग जॉबरचं (कामगार भरणाऱ्या मुकादमाचं) नाव निघतं, पाळी निघते, रातपाळीवाला उठून गेल्यावर त्याच वळकटीवर कोण झोपायचं तेही निघतं.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. प्रत्येक कागदाला मुलाखतीआधीच क्रमांक द्या आणि मुलाखतीत तो मोठ्याने म्हणा: "आता आपण ०३१४-०१२ पाहतोय." पहिले चार आकडे खोलीचे, पुढचे तीन कागदाचे. हे केलं नाही तर रेकॉर्डिंगमध्ये "हा बघ, हा माझा मेव्हणा, आणि हा त्याच्या बाजूचा" एवढंच राहतं. फोटो कुठला होता ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

फोन चालेल, पण त्यातलं नेहमीचं रेकॉर्डर ॲप आवाज दाबून साठवतं. डब्ल्यूएव्ही फाइल देणारं ॲप घ्या, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५०० एमबी जागा लागते, म्हणून आधी जागा मोकळी करा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटेल. शक्य असेल तर कॉलरला लावायचा वायरवाला माइक घ्या, हनुवटीपासून एक वीत खाली. बायकांच्या बाबतीत तो मंगळसूत्रावर घासतो, म्हणून पदराच्या विरुद्ध बाजूला खांद्याजवळ लावा. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज सांधता येत नाही.

चाळीत सकाळ पाण्याची, दुपारी बारा-एक कुकरचे, संध्याकाळी पोरं गॅलरीत. दोन ते चार ही वेळ धरा. पंखा बंद करता आला नाही तर वेग कमी करा आणि माणसाला त्याच्या झोताबाहेर बसवा. गाद्या-उशा मागच्या भिंतीला लावल्या तर खोली कमी घुमते. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोला. एका बैठकीला दीड तासाच्या वर जाऊ नका.

प्रश्न विचारून झाला की थांबा. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी आणखी थोडं थांबा, खरं काही पुष्कळदा त्यानंतरच येतं. "हं, हं" न म्हणता मान हलवा. खानावळ चालवणाऱ्या बायकांशी त्या एकट्या असतानाच बोला. मुलगा किंवा नवरा शेजारी बसला की उत्तरं तोच देतो, आणि महिन्याला किती डबे, उधारी कशी वसूल व्हायची, तांदूळ कुठल्या दुकानातून यायचा, हे सगळं जातं. शेजाऱ्यांची एकत्र बैठक जरूर घ्या, पण प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत झाल्यावर. आधी घेतलीत तर सगळ्यांची आठवण एका ठणठणीत बोलणाऱ्याच्या मागे जाते.

साल विचारू नका, खूण विचारा. ट्राम होती का तेव्हा? (ती ३१ मार्च १९६४ ला बंद झाली.) कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे तुम्ही कुठे होता? (११ डिसेंबर १९६७.) अगदी वयस्करांना गोदीतला स्फोट, १४ एप्रिल १९४४. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप तर प्रत्येकाच्या बोलण्यात असणारच: संपाच्या आधी की नंतर, एवढं विचारलं तरी पुरतं. सांगणाऱ्याची तारीख कागदाशी जुळली नाही तर त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. टिपणात दोन्ही लिहा.

तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला सहा ते आठ तास जातात. वीस मुलाखती लगेच उतरणार नाहीत. म्हणून आधी प्रत्येकीची वेळसूची करा, दर तीन-चार मिनिटांना एक ओळ: कोणता विषय, कोणती नावं, कोणता कागद. लेखन करताना मालवणीची प्रमाण मराठी करू नका. आपोआप लिहून देणारी ॲप्स नेमकं हेच करतात.

वेखंड

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णता आणि गोंद कागदात कायमचे मुरतात, कागद फाडल्याशिवाय ते उलटवता येत नाही, आणि आतला दमटपणा व आम्ल आतच राहतात. सेलोटेपचंही तेच. काही वर्षांत पट्टी गळते आणि पिवळा तेलकट डाग उरतो, तोही नेमका अक्षरांवर.

गठ्ठा उघडताना आहे त्या क्रमाचा आधी फोटो काढा. मनीऑर्डरची पावती ज्या पत्राच्या घडीत होती त्या पत्राशीच तिचा अर्थ लागतो. पावत्या एका ढिगात, पत्रं दुसऱ्या ढिगात अशी वर्गवारी केलीत की तो धागा तुटला. टाचण्या आणि स्टेपल गंजलेले असतील तर ओढू नका. खाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पाय एकेक करून उघडा. क्रमांक मऊ २बी पेन्सिलने, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. पेन नको, चिकटचिठ्ठी नको.

स्कॅनिंग कागदांचं ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), फोटोंचं ६००, पासावरच्या छोट्या फोटोचं १२००. रंगीतच करा, कागद काळा-पांढरा असला तरी, कारण जांभळ्या शिक्क्यावरची निळी सही करड्या रंगात एक होऊन जाते. मूळ प्रत टिफमध्ये. ए-फोर पान सुमारे ४५ एमबी होतं, वाटायला त्यावरून जेपीईजी करा. कोरी वाटणारी मागची बाजूही घ्या. पान "स्वच्छ" करणारी फोन ॲप्स वापरू नका, ती पेन्सिलीचे आकडे आणि फिकट शिक्के पुसून टाकतात. बांधीव वही स्कॅनरवर दाबली तर कणा मोडतो. तिचे खिडकीच्या उजेडात, काळ्या कापडावर ठेवून, फोन स्टँडला लावून वरून फोटो घ्या. काचेला चिकटलेला फोटो सोडवायला जाऊ नका, काचेसकटच घ्या.

मुंबईत खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि पावसाळ्यात ती त्याहून खूप वर असते. माळ्यावर, पत्र्याखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात कागद नको. भिंतीपासून चार बोटं अंतर, जमिनीपासून वर. आम्लमुक्त पाकिटं अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या कागदवाल्यांकडे विचारून पाहा. नाही मिळाली तर निदान पीव्हीसीचे चकचकीत फोल्डर टाळा, त्यांना शाई आणि फोटो चिकटतात. वेखंडाचे सुके तुकडे मलमलीच्या पुरचुंडीत ठेवले तर कसर लांब राहायला मदत होते. ओल मात्र त्याने जात नाही, त्यासाठी सिलिका जेल, आणि ते ओल धरलं की बदलायचं. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका.

गॅलरी_तिसरामाळा

लॅमिनेशनचा विषय संपला, आभार. दोन अडचणी. लोक भाडेपावत्या हातात द्यायला तयार नाहीत. आणि एक ट्रंक गळतीखाली होती, तिच्यातले कागद आजच ओले सापडलेत, काहींवर जांभळे ओघळ आहेत.

वेखंड

ओल्याचं आधी. साधारण ४८ तासांत बुरशी दिसायला लागते. उन्हात घालू नका, इस्त्री फिरवू नका, चिकटलेली पानं ओढू नका. जांभळे ओघळ म्हणजे बहुधा कॉपिंग पेन्सिल, म्हणजे ओली झाली की शाईसारखी उतरणारी जुनी पेन्सिल. ती पाण्याने पसरते, म्हणून त्या कागदांना टिपताना घासू नका, वरून फक्त टिपकागद ठेवा आणि तो बदलत राहा. पंखा छताकडे तोंड करून लावा, खोलीतली हवा फिरली पाहिजे पण कागद फडफडता कामा नये. एका दिवसात सगळे वाळवणं जमणार नसेल तर उरलेले झिपच्या पिशव्यांत थोडे थोडे करून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने काढा. फोटो आणि निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, ते आधी हाताळा. आधीच बुरशी धरलेले कागद वेगळे करा. ते मास्क लावूनच हाताळायचे, आणि मऊ ब्रश वाळल्यावरच.

पावती_पुस्तक

भाडेपावती न देणारे बरोबर करतायत. पुनर्विकासात भाडेकरूपणाचा पुरावा तीच असते. तसंच गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे अर्ज केलेल्यांना पास आणि प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप लागते. म्हणून मूळ कागद दाराबाहेर न्यायचाच नाही असा नियम करा. स्कॅनर त्यांच्या खोलीत न्या, त्यांच्यासमोर स्कॅन करा, तिथेच परत द्या आणि त्यांना एक छापील प्रत द्या. हे कळलं की पुढची दारं आपोआप उघडतात.

स्कॅन इंटरनेटवर टाकायची घाई करू नका. पागडी कोणी कोणाला दिली, खोलीत पोटभाडेकरू कोण होते, हिस्सा कोणत्या भावाचा, हे कागदात आणि मुलाखतीतही असतं आणि आजही त्यावर वाद होतात. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, वाचून दाखवून. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: रेकॉर्डिंग जपायला परवानगी आहे का, संशोधकाला ऐकवायला आहे का, जाहीर करायला आहे का. कुठला भाग किती वर्षं बंद ठेवायचा तेही. मुलाखत झाल्यावर पुन्हा विचारा, कारण आपण काय बोलून जाणार हे माणसाला आधी माहीत नसतं. पत्रांचं आणखी एक: कागद ज्याच्याकडे आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो गेल्यावर वारसांचा. छापायचं असेल तर त्यांना विचारावं लागेल.

प्रती तीन. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्क, एक क्लाउडवर, आणि यातली एक डिस्क चाळीबाहेर, शक्यतो दुसऱ्या उपनगरात. व्हॉट्सॲपवर फिरलेला फोटो प्रत म्हणून धरू नका, तो दाबलेला असतो. मूळ कागद कुणाला द्यायचेच असतील तर काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख खातं किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे आधी चौकशी करा. कोणते खाजगी कागद घेतात, कोणाला पाहू देतात, हे लेखी ठरल्याशिवाय गठ्ठा सोडू नका.

बोरू_आणि_टाक

तारीख नसलेले कागद टाकून देऊ नका, बऱ्याच वेळा काळ ठरवता येतो. रक्कम आणे-पैत असेल तर साधारण १ एप्रिल १९५७ आधीचा. "न. पै." (नवे पैसे) असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. पत्त्यात "मुंबई १२" असेल तर बहुधा जुना, "मुंबई ४०००१२" असेल तर नक्की १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. छापील फॉर्मबाबत सावध राहा, जुने फॉर्म संपेपर्यंत वापरले जायचे. म्हणून छपाईपेक्षा हाताने लिहिलेल्या भागावर भिस्त ठेवा.

मोडी कागदांवर सन दिसला म्हणून तो इसवी समजू नका. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्रापर्यंतच्या तिथीला ७९. फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९०, जानेवारीपासून मृगापर्यंत (जूनच्या सुरुवातीपर्यंत) ५९१. म्हणजे फसली १३२० हे जून १९१० ला सुरू झालं. गुजराती वाण्याच्या उधारीच्या वहीत विक्रम संवत असेल, त्यातून ५६ वजा करा, कार्तिक ते डिसेंबरअखेर ५७.

मोडी वाचून घेताना वाचकाकडे मूळ कागद पाठवू नका. ६०० डीपीआय स्कॅन पाठवा आणि ओळीला ओळ असं लिप्यंतर मागा, सारांश नको. न लागलेला शब्द चौकटी कंसात मोकळा सोडायला सांगा. अंदाजाने भरलेलं आडनाव पुढे पक्कं होऊन बसतं. आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांची मुलाखत अजून झाली नसेल तर लिप्यंतर आल्यावर घ्या. गावातल्या वाड्यांची आणि शेतांची नावं मोडीत अर्धवट लागतात, ती पुरी त्यांच्याच तोंडून मिळतील.