प्रसारणातील तंत्रज्ञांचा सत्कार करताना नेमके काय सांगावे?

रामबागकर
नमस्कार. इंदुरातील आमच्या मंडळाने यंदा आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या निवृत्त तंत्रज्ञांचा सत्कार करायचे ठरवले असून प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. निवेदक आणि समालोचक यांचे कौतुक आपल्याकडे पुष्कळ झाले. सुशील दोशी यांच्या हिंदी समालोचनाचा तर आपल्या शहराला अभिमानच आहे. पण तो आवाज मैदानातून आमच्या फळीवरच्या रेडिओपर्यंत कोणी आणि कसा आणला, हे मला सांगता येत नाही. इंदूर केंद्र 22 मे 1955 रोजी सुरू झाले, एवढे टिपून ठेवले आहे. त्यापुढे ‘पडद्यामागचे कलाकार’ यांसारखे गुळगुळीत शब्दच सुचतात. ही मंडळी आपल्या पाळीत नेमके काय करीत, हे कोणी सांगू शकेल का?

शिफ्टवाले काका
मी नोकरीची बहुतेक वर्षे मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवर, म्हणजे कार्यक्रम रेडिओलहरींतून सोडणाऱ्या यंत्रावर काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्टुडिओ शहरात असला, तरी ट्रान्समीटर सहसा वस्तीबाहेर असतो. पहाटेची सभा, म्हणजे प्रसारणाचे पहिले सत्र, सुरू होण्याच्या बऱ्याच आधी आम्हांला तेथे पोहोचावे लागे, कारण जुन्या ट्रान्समीटरमधील व्हॉल्व्हची (काचेच्या किंवा धातूच्या नळ्यांची) फिलामेंट, म्हणजे आतली तार, तापल्याशिवाय त्यांना विजेचा उच्च दाब देता येत नसे. नंतर दर तासाला मीटरवरील आकडे लॉगबुकात लिहायचे. वाचायला हे कंटाळवाणे वाटेल, आणि ते तसे होतेही. पण प्लेट करंटचा, म्हणजे व्हॉल्व्हमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा, काटा रोजच्या जागेवरून किंचित सरकला, तर बिघाडाची चाहूल तेथेच लागत असे.

इंदूर केंद्र 648 किलोहर्ट्झवर ऐकू येई, म्हणजे तरंगलांबी सुमारे 463 मीटर. या लहरींसाठी उंच मनोराच अँटेना म्हणून वापरतात. असा मनोरा बहुधा चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारांचे जाळे पुरलेले असते. मालव्यातील पावसाळ्यात विजा अशा मनोऱ्याला सोडत नाहीत. वीज पडली, की पायथ्याशी ठेवलेल्या फटीत ठिणगी उडते, ट्रान्समीटर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि श्रोत्याला नुसती खरखर ऐकू येते. त्या वेळी आमच्यापैकी एक जण घड्याळाकडे पाहत असे, कारण बंद पडल्याची वेळ मिनिटासह लिहावी लागे.

दुरुस्तीसाठी कपाटाचे दार उघडले, की इंटरलॉकमुळे (दाराला जोडलेल्या सुरक्षा-खटक्यामुळे) उच्च दाब आपोआप तुटतो. तरीही लाकडी दांड्याचा, जमिनीशी तारेने जोडलेला अर्थिंगचा आकडा (हूक) कंडेन्सरला टेकवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा आमचा नियम होता, कारण पुरवठा तुटल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युतभार साठून राहतो. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच दिवशी तो आकडा माझ्या हाती दिला आणि यंत्राबद्दल बाकी काहीही सांगण्यापूर्वी तो तीनदा टेकवून घेतला.

काचेपलीकडची
मी काही वर्षे एका केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. श्रोत्यांची पत्रे माझ्या नावाने येत, याचा तेव्हा आनंद होई; आता थोडा संकोच वाटतो. एकदा बातमीपत्राआधीची उद्घोषणा वाचताना मला जोराचा ठसका येणार हे काचेपलीकडे बसणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ भाऊंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखले आणि ठसका येण्यापूर्वीच माझा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढून केंद्राची धून वर आणली. घरी परतल्यावर आई म्हणाली, “आज धून जरा जास्त वेळ वाजली.” ध्वनिमुद्रित भाषणातील खोकला काढायचा असेल, तर ते हाताने रिळे मागेपुढे फिरवून नेमकी जागा शोधीत, टेप ब्लेडने तिरकी कापीत आणि चिकटपट्टीने जोडीत. सरळ काप दिला, तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येई, हे मला त्यांनीच शिकवले. प्रास्ताविकात शक्य असल्यास हा तिरका काप अवश्य सांगावा.

स्पष्टवक्ता
मला यातील भावुकता थोडी खटकते. पगार घेऊन केलेल्या कामाचा सत्कार करायचा, तर वीज मंडळाचा वायरमन आणि नळपाणी विभागाचा फिटर यांनीच काय घोडे मारले आहे?

शिफ्टवाले काका
प्रश्न रास्त आहे आणि त्या दोघांनाही बोलावले, तर मला आनंदच होईल. माझी हरकत वेगळीच आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी आली, की घराघरांतून आमचा उद्धार होई. त्या पाटीच्या मागे चित्र दूरवर पोहोचवणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्यापासून जनित्रापर्यंत काय काय तपासले जात आहे, याची कल्पना कोणी कोणाला दिलीच नव्हती. म्हणून शाल-श्रीफळाचे पाच मिनिटांत उरका आणि अर्धा तास आम्हांला प्रश्न विचारा. शक्य असेल, तर एक जुना टेप रेकॉर्डर आणि ब्लेड टेबलावर ठेवा. काप कसा देतात, ते ताईंनी किंवा आमच्यापैकी कोणी मुलांना करून दाखवावे.

एक विनंतीही आहे. गेल्या गणेशोत्सवात मी तुमच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. माइक सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत ‘हम’चा, म्हणजे एकसारख्या घुमण्याचा, आवाज येत होता. अर्थिंग तपासून घ्यावे.

रामबागकर
काका, प्रास्ताविक आता तापणाऱ्या फिलामेंटपासून सुरू होईल आणि तिरक्या कापावर थांबेल. जुना टेप रेकॉर्डर आमच्या आत्याकडे आहे, तो आणतो. हमबद्दल साउंडवाल्याला आजच विचारले. तो म्हणाला की दोन वर्षांपासून तो हेच सांगत आहे, पण कोणी ऐकत नाही. आपण कार्यक्रमाच्या तासभर आधी मल्टिमीटर घेऊन याल का? तोही येतो आहे.