रंग सुटले, रेघ नाही

रंगांधळेपणामुळे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी चित्रकलेला कायमचा रामराम ठोकला, असं नुकतंच वाचलं. मला ते अर्धंच पटलं. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झालेल्या या माणसाचे रंग सुटले, रेघ नाही. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, पुढे व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायलाही होते. आणि १९१० साली कुंडलजवळ त्यांच्या कारखान्यासाठी माळरान दिलं ते औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, म्हणजे एका चित्रकार राजानेच! हा योगायोग मला फार आवडतो.

यावरून आमचे थोरले काका आठवले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाठकोऱ्या बिलांवर त्यांची सुतारकामाची चपटी पेन्सिल चालायची. हमाल, हातगाडी, मांडी घालून बसलेला समोरचा पानवाला. "चित्र काढताय का?" विचारलं की चिडायचे, "हिशेब करतोय" म्हणायचे. ते गेल्यावर गल्ल्याखालच्या खणात, खिळ्यांच्या पुड्यांशेजारी, असे तीनेकशे कागद निघाले. सही एकावरही नाही. मागच्या बाजूला लोकांच्या उधाऱ्या मात्र व्यवस्थित लिहिलेल्या, त्यातल्या दोन आमच्याच.