तेलकट चेहरा धुतल्यावर ताणतो आणि झोंबतो. त्वचा कोणत्या प्रकारची समजावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
दुपारपर्यंत माझ्या कपाळावर व नाकावर तेल सुटते, म्हणून मी दिवसातून अनेकदा फेसवॉश वापरते आणि अधूनमधून बेसनात लिंबू पिळून लावते. अलीकडे मात्र गाल लाल होऊन ताणतात, नेहमीचे मॉइश्चरायझरही झोंबते आणि तेल काही कमी होत नाही. मग ही त्वचा तेलकट की कोरडी?

उत्तर १:
ताई, तेलकटपणा तैलग्रंथींवर अवलंबून असतो. ओलावा टिकवण्याचे काम त्वचेच्या सर्वांत वरच्या, कागदाहूनही पातळ थराचे असते. त्या थरातील मृत पेशींच्या मधल्या जागेत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ लिंपलेले असतात, आणि वारंवार धुण्याने हे लिंपण निघून गेले की आतले पाणी उडू लागते व बाहेरचे पदार्थ आत शिरून झोंबतात. त्यामुळे त्वचा तेलकट असूनही तिचे संरक्षण ढासळलेले असू शकते, आणि तुमच्या लक्षणांवरून तसेच वाटते. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लतेचे माप; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण 4.5 ते 5.5 असतो, तर अंगाच्या साबणाचा बहुधा 9 ते 10. म्हणून लिंबू चांगले, असे मात्र समजू नये; त्याच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास काळे डागही पडू शकतात.

उत्तर २:
वरील मताशी सहमत आहे, पण नवे काही विकत घेण्याआधी जुने थांबवावे. बेसन, लिंबू, स्क्रब काही आठवडे बंद. सकाळी नुसते पाणी, रात्री साबणविरहित सौम्य क्लेन्झर, आणि चेहरा ओलसर असतानाच सुगंधविरहित, ग्लिसरीन असलेले मॉइश्चरायझर. पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर फक्त गालांवर लावावा. आपल्याकडे थंडीत बंबातले कढत पाणी थेट तोंडावर घेण्याची सवय असते. तीही सोडावी, कारण त्या दिवसांत हवा आधीच कोरडी असते.

उत्तर ३:
एक विचारतो: मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले, गोरेपणाचे म्हणून दिलेले एखादे क्रीम वापरता का? नळीवर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे लिहिलेले असेल, तर ते स्टिरॉइड आहे. त्याने त्वचा पातळ होते, आणि बरेच दिवस वापरून एकदम बंद केल्यास लाली उसळते. तसे असेल, तर वरचे उपाय पुरेसे नाहीत. ती नळी सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सीपीआर, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही जाता येईल.