पिरियड सेटवरच्या पाट्या छापू नका, रंगवा

जुनीपेठ:
गेल्या महिन्यात एका लघुपटाच्या कला विभागात होते. गोष्ट १९६१ ची, १२ जुलैला पानशेत फुटलं त्याच्या आदल्या आठवड्यातली. पेठेतली एक गल्ली, अकरा दुकानं, आणि सगळ्या पाट्या फ्लेक्सवर छापून आलेल्या. लांबून गल्ली छान दिसली. कॅमेरा जवळ गेला आणि माझा जीव खाली गेला. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ यातले सगळे ‘र’ एकाच साच्यातले! हाताने लिहिणाऱ्याचे दोन ‘र’ कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जागा संपत आली की शेवटची अक्षरं तो थोडी आवळून घेतो. ‘मालाचे’ मधला ‘ल’ हिंदी वळणाचा. त्यावर कडी म्हणजे पत्त्यात ४११०३०. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधी नुसतं ‘पुणे २’ लिहायचे. माझं म्हणणं एवढंच: जुन्या काळाच्या सेटवर पाटी हातानेच रंगवावी.

दहाफुटीपन्ना:
ताई, पिनकोड मशीनने घातलेला नाही. फाइल करणाऱ्याने अभ्यास केला नाही, त्याचा दोष छपाईला का? मी नारायण पेठेत छपाईचंच काम करतो, सेटची कामंही येतात. संध्याकाळी फाइल आली की सकाळी अकरा पाट्या तयार. रंगवायच्या तर अस्तर, वाळवण, मग ऑइल पेंटचे दोन हात, त्यात पावसाळी हवा. आणि पुराचं पाणी पाटीवर आदळणार असेल तर तीन टेकला तीन सारख्या पाट्या लागतात. रंगवलेली एकच असेल तर पहिल्याच टेकला सीन अडकला.

उजेडवाला:
मी लाइट विभागातला. माझा राग फ्लेक्सवर आहे, छपाईवर नाही. चकचकीत फ्लेक्सवर दिवा पडला की पांढरा डाग उठतो, मग आम्ही अर्धा तास दिवे हलवत बसतो. मॅट व्हाइनल छापून प्लायवर चिकटवा, त्रास निम्मा होतो. दुसरं, सॉल्व्हंट शाईची ताजी प्रिंट बंद फ्लोअरवर आणू नका. एक दिवस मोकळ्या हवेत पसरून ठेवा, नाहीतर नटांचे डोळे चुरचुरतात.
पण खिडकीबाहेरचा देखावा छापलेलाच हवा. खिडकीपासून आठ-दहा फूट मागे लावला आणि जरा आउट ऑफ फोकस ठेवला की ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपक्यांची छपाईसुद्धा पुरते. फक्त कॅमेरा आडवा सरकवू नका. मागची घरं एकमेकांआडून हलत नाहीत आणि सपाटपणा लगेच उघडा पडतो.

कुंचला:
माझे वडील तीस वर्षं पाट्या रंगवत होते. सुताने रेघ मारायची, खडूने अक्षर बसवायचं, मग एका दमात कुंचला. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम आटलं. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली ती दामले-फत्तेलाल यांचे हात घेऊन. दोघं बाबूराव पेंटर यांच्याकडे तयार झालेले, आणि बाबूराव स्वतः नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. त्याच जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे कलादिग्दर्शन शिकवतात. अशा गावात ‘रंगवणारा मिळत नाही’ हे उत्तर मला सहन होत नाही.

दहाफुटीपन्ना:
वडिलांबद्दल आदरच आहे. पण मी खरंच दोघांना फोन केले होते. दोघेही साठीच्या पुढचे, शिडीवर चढायला तयार नाहीत. मग मधला मार्ग काढू. रंगाऱ्याने घरी बसून दीड फुटाची पाटी करावी, मी स्कॅन करून सहा फुटांची छापतो. अक्षर हाताचंच राहतं.

कुंचला:
नाही राहत. पाटी चौपट केली की कुंचल्याचा फटकाराही चौपट होतो. अर्ध्या इंचाची कड दोन इंचांची होते. रंगाचा ओघळ दोरीएवढा दिसतो. लोकांना कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. करायचंच तर पाटी पूर्ण मापाची रंगवा, तुकड्या-तुकड्यांत फोटो काढा आणि त्याच मापात छापा. पुरात भिजायला त्या प्रती वापरा, क्लोजअपला मूळ पाटी.

दहाफुटीपन्ना:
हे मान्य. फोटो काढताना शेजारी रंगपट्टी ठेवा, नाहीतर गेरूचा लाल माझ्याकडे गुलाबी होऊन येतो.

पेठकरीण:
एक भर घालते. त्या काळचा भाव रुपये-पैशांत लिहू नका. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि १९६१ मध्ये ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसेच चालत होते.

जुनीपेठ:
पिनकोडचा दोष मी छपाईवर टाकला, ते चुकलं. बाकी मत कायम आहे. पूर्ण मापाची रंगवून प्रती छापायचं दिग्दर्शकाला आजच सांगते. कुंचला, पुढच्या शेड्यूलला वखारीची पाटी हवी आहे, सहा बाय दोन फूट, सागवानी लाकूड आणि जळाऊ लाकडाच्या भावासकट. बाबा करतील का? शिडीचा प्रश्न नाही, प्लाय मी घरी आणून देते. आणि भाव ‘न. पै.’ मध्येच लिहायला सांगा.