घरपट्टी तिप्पट झाली, पेट्रोलचा कर जातो कुठे?

चिरेबंदी
मंडळी, जरा डोकं लावा. गोव्याच्या सीमेलगत, बांद्याजवळचं आमचं गाव. घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. गेल्या साली घरपट्टी 640 रुपये होती, यंदा हातात बिल पडलं 1,910 चं. आई म्हणते, "घर ताच, मगे पट्टी कशी वाढली?" पंचायतीत विचारलं तर एकच शब्द: फेरआकारणी.

देवळापासून साकवापर्यंत (ओढ्यावरचा छोटा पूल) दिव्यांचे सात खांब आहेत, पेटतात तीन. पावसात आई बॅटरी घेऊन गोठ्यात जाते. सदस्य म्हणतो, वसुली नाही तर दिवे कुठून आणू?

मग मी वहीत हिशेब मांडला. स्कूटरला महिन्याला 20 लिटर पेट्रोल लागतं. राज्याचा व्हॅट 25 टक्के, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. धरून चला लिटरला 25 रुपये. म्हणजे वर्षाला सहा हजार, घरपट्टीच्या तिप्पट! त्यातला रुपया तरी साकवाकडच्या खांबापर्यंत येतो का?

नमुनाआठ
मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, काम तेच). सरळ उत्तर: थेट येत नाही. व्हॅट राज्याच्या तिजोरीत जातो, त्यात पंचायतीचा ठरलेला वाटा नाही. केंद्राच्या शुल्काचं तर आणखी गमतीचं. 2021 च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरचं मूळ उत्पादन शुल्क उरलं लिटरला 1 रुपया 40 पैसे. बाकी सगळे उपकर नि अधिभार, आणि ते राज्यांना वाटून द्यावे लागत नाहीत.

पंचायतीचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी नि पाणीपट्टी. वित्त आयोगाचा निधी येतो, पण पंधराव्या आयोगाने त्यातला 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधून ठेवला. त्यातून दिवे लागत नाहीत.

आता तुमच्या बिलाचं. डिसेंबर 2015 च्या दुरुस्तीनंतर आकारणी भांडवली मूल्यावर होते. क्षेत्रफळ, बांधकामाचा दर, घसारा (वयानुसार घट), भारांक (वापरानुसार गुणक), मग मूल्याच्या हजार रुपयांमागे ठरलेला दर. नमुना 8 चा (पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा काढा आणि बांधकामाचा प्रकार नि वय बघा. माझ्या नोकरीत चिऱ्याची घरं 'आरसीसी' म्हणून चढलेली मी स्वतः दुरुस्त केली आहेत.

म्हापशेकर
एक शंका. बांद्याचा माणूस पेट्रोल बांद्यात भरतो?

चिरेबंदी
पकडलंत. दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला दुकानाचा माल आणायला जातो, येताना गोव्याच्या हद्दीतल्या पत्रादेवीला टाकी फुल्ल. लिटरमागे आठ-नऊ रुपये वाचतात हो!

म्हापशेकर
मग सहा हजार कसले? तुमचा कर आमच्या गोव्याला! 2012 मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला, तेव्हापासून तुमच्याकडच्या गाड्यांची रांग आम्ही बघतोय. पुढे दर चढले, रांग तशीच. :)

पेठेतला
पेट्रोल जीएसटीत आणा, विषय संपला.

नमुनाआठ
संपत नाही. दर ठरवायची मोकळीक राज्याच्या हातून जाईल. जकात, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली तेव्हा महापालिकांना 2017 च्या कायद्याने भरपाई तरी मिळाली. ग्रामपंचायतीचा तर व्हॅटमध्ये वाटाच नाही, तिला भरपाई कोण देणार?

चिरेबंदी
आज उतारा काढला. प्रकार: आरसीसी. बांधकामाचं वर्ष: कोरं. आजोबांच्या वेळची पावती ट्रंकेत सापडली, 1968 ची, कोपरा वाळवीने खाल्लाय पण साल दिसतं. सोमवारी अर्ज देतो. काका, सोबत फोटो जोडू की चिरा उचलून नेऊ?

नमुनाआठ
फोटो पुरे. कौलं दिसतील असा काढा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका.