‘खर्ची टाकणे’ आणि ‘स्वीय प्रपंजी’

प्रश्न : राज्याच्या लेख्यांत ‘रक्कम खर्ची टाकली’ असं येतं. ‘खर्च केली’ आणि हे एकच का? आणि ‘स्वीय प्रपंजी लेखा’ म्हणजे काय?

उत्तर १ : एकच नव्हे. खर्ची टाकणे म्हणजे त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबात त्या कामासाठी ठरलेल्या सदराखाली, खर्च दाखवणे. माल आला किंवा काम झालं, याची ती खूण नाही. प्रपंजी म्हणजे खातेवही. स्वीय प्रपंजी लेखा हे कोषागारात अधिकाऱ्याच्या पदनामाने उघडलेलं ठेवखातं.

समजा, मार्चअखेर 2210 ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ या शीर्षाखालचं देयक (बिल) पारित झालं, पण रक्कम पुरवठादाराला न जाता 8443 ‘नागरी ठेवी’ खालच्या 106 या गौण शीर्षात (मुख्य शीर्षाच्या पोटविभागात), म्हणजे स्वीय प्रपंजी खात्यात, जमा झाली. पैसा एकत्रित निधीतून, म्हणजे विधिमंडळाच्या मंजुरीने खर्च होणाऱ्या सरकारच्या मुख्य निधीतून, बाहेर पडला म्हणून तो खर्च. प्रत्यक्षात तो लोकलेख्यात, म्हणजे ठेवींसारख्या रकमांच्या सरकारी हिशेबात, पडून. आरोग्याची तरतूद शंभर टक्के खर्ची, आणि औषधाची एक गोळीही आलेली नाही. एकत्रित निधीतून आलेली शिल्लक वर्षअखेरीस त्याच शीर्षाखाली खर्चातून वजा करून परत करायची असते. ते राहिलं की खर्चाचा आकडा फुगतो.

उत्तर २ : म्हणूनच अर्थसंकल्पाची पारदर्शकता मोजताना कोणती मोजपट्टी काय मोजते, हे आधी पाहा. इंटरनॅशनल बजेट पार्टनरशिप या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्वेक्षण देशाच्या सरकारची अर्थसंकल्पाची 8 कागदपत्रं वेळेवर आणि पुरेशा तपशिलाने मिळतात का, हे तपासून 100 पैकी गुण देतं. 61 पासून पुढे माहिती पुरेशी मानतात. मोजपट्टी चांगली आहे, पण राज्याचा पैसा ठेवखात्यात थांबलाय का, हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी राज्याचे वित्त लेखे (वर्षाचा जमाखर्चाचा हिशेब) आणि महालेखापरीक्षकांचा राज्य वित्तव्यवस्थेवरचा अहवाल उघडा. 8443-106 ची अखेरची शिल्लक, प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं (अनुदान ठरल्या कामासाठीच वापरल्याचे दाखले) आणि गौण शीर्ष 800 ‘इतर खर्च’, जिथे खर्च नेमका कशावर झाला हे कळत नाही, यांचं एकूण खर्चाशी प्रमाण, सलग काही वर्षांचं, शेजारी शेजारी मांडा.

उत्तर ३ : एक दुरुस्ती. 106 ची सगळी शिल्लक दडवलेली धरू नका. भूसंपादनासाठी, ज्या संस्थेला जमीन हवी तिने भरलेला मोबदलाही अशा खात्यांत असू शकतो. तो सरकारने खर्ची टाकलेला नसतो. 800 चंही तसंच. योग्य गौण शीर्षच उपलब्ध नसेल तर तिथे नोंद करणं रीतसर आहे. खालचं उपशीर्ष वाचा : योजनेचं नाव स्पष्ट असेल आणि तिच्यासाठी वेगळं गौण शीर्ष असूनही रक्कम 800 मध्ये टाकली असेल, तर आक्षेप पक्का.