मदत हवी आहे: आईच्या हिरड्या सरकल्यात, मिशरी काही सुटत नाही

नमस्कार मंडळी. आई ६४ वर्षांची आहे, कराडजवळच्या गावी असते. लग्नाआधीपासून मिशरी लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरून डबीत भरायची आणि पहाटे बोटाने दातांवर घासत बसायचं, हा रोजचा नेम. दुपारी जेवणानंतर पुन्हा.

खालचे पुढचे दात आता लांबुडके दिसतात. हिरडी खाली गेल्यामुळे मुळांचा पिवळसर भाग उघडा पडलाय आणि तिथे नख अडकेल एवढी खाच झाली आहे. गार पाण्याने कळ जाते. पेरू तर तिने सोडूनच दिला.

हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं की दाताचं कठीण इनॅमल फक्त वरच्या भागावर असतं, मुळावरचं आवरण त्यापेक्षा खूप मऊ. मिशरीच्या खरखरीत भुकटीने ते झिजतं. शिवाय निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून आजार असला तरी रक्त फारसं येत नाही. मला हे ऐकून धक्काच बसला, कारण आईचं म्हणणं नेमकं तेच असतं: "माझ्या हिरड्या घट्ट आहेत गं, कधी थेंबभर रक्त आलं नाही."

गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. तोंडातल्या टाळूची त्वचा घेऊन हिरडीवर ग्राफ्ट (कलम) करता येतो, पण तंबाखू चालू असेल तर तो नीट धरेलच असं नाही. सध्या कीटण काढून घेतलंय. (साफसफाईने दात हलतात असं गावात सगळे म्हणतात. खरं तर कीटणामुळेच हाड झिजतं, आणि ते निघालं की आधीच सैल झालेला दात जाणवतो.) मऊ ब्रश आणि कळ कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली आहे, साखर तपासायला सांगितली आहे. तोंडात पांढरा चट्टा वगैरे नाही, हे मात्र बरं झालं.

खरी अडचण मिशरीची आहे. न लावल्यास पोट साफ होत नाही, डोकं धरतं, चिडचिड होते. मी ओरडून काही होणार नाही, एवढं मला कळतं. बाई दिवसभर राबते, तेवढाच तिचा निवांत वेळ.

तुमच्यापैकी कुणाच्या आईची, सासूबाईंची, काकूंची मिशरी सुटली आहे का? एकदम बंद केली की हळूहळू कमी केली? पोटाच्या तक्रारीवर काय केलं? निकोटिनचं च्युइंगम तिला या दातांनी चावणं अवघड वाटतं, त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच कुणी वापरून पाहिलाय का? १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर गावाकडच्या बायकांशी कसं बोलतात, तेही सांगा. आणि साठीनंतर कुणी ग्राफ्ट करून घेतला असेल, तर जेवायला किती दिवस त्रास झाला आणि खर्च किती आला, हे जरूर लिहा. पुढच्या महिन्यात तिला परत डॉक्टरांकडे न्यायचं आहे.